पेरोव्स्काइट सौरघटांतील होल-वाहक पदार्थांची रचना : कार्यक्षमता, स्थैर्य आणि मुंबई उपनगरांतील आर्द्रतेचा प्रश्न

सारांश

पेरोव्स्काइट सौरघटांची कार्यक्षमता २००९ मध्ये ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतील लहान घटांची प्रमाणित कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. या प्रगतीत प्रकाश शोषणाऱ्या पेरोव्स्काइट थराइतकाच त्याच्या लगतच्या होल-वाहक थराचाही वाटा आहे. मात्र ज्या थरामुळे हा घट घनरूप व कार्यक्षम झाला, त्याच थरातून बाष्प आत शिरते व घटाचे आयुष्य घटते. प्रस्तुत लेखात होल-वाहक पदार्थाचे कार्य, त्याच्या रेणूरचनेचे निकष व प्रमुख पर्याय यांचे विवेचन केले आहे. पवई येथील संशोधनाच्या आणि मुंबई उपनगरांतील हवामानाच्या संदर्भात या निकषांचा क्रम कसा बदलावा लागतो आणि त्यात महाविद्यालयीन प्रयोगशाळांना कोणते काम करता येईल, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : पेरोव्स्काइट, सौरघट, होल-वाहक पदार्थ, स्पायरो-ओमेटॅड, डोपिंग, आर्द्रता, स्थैर्य.

१. प्रस्तावना

गुस्ताव रोझे या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये उरल पर्वतातील एका खनिजाचे वर्णन केले आणि रशियन खनिज-अभ्यासक लेव्ह पेरोव्स्की यांच्या नावावरून त्याला पेरोव्स्काइट हे नाव दिले. ते खनिज म्हणजे कॅल्शियम टायटॅनेट होय. त्याच्यासारखी स्फटिकरचना असणाऱ्या सर्व संयुगांना आज हेच नाव लावले जाते. सौरघटांत वापरल्या जाणाऱ्या पेरोव्स्काइटात कॅल्शियमच्या जागी मिथिल अमोनियम, फॉर्मामिडिनियम किंवा सिझियम यांचे धन आयन, टायटॅनियमच्या जागी शिसे आणि ऑक्सिजनच्या जागी आयोडीन अथवा ब्रोमीन असते. हे पदार्थ द्रावणातून, शंभर-दीडशे अंश सेल्सिअस तापमानाला, काचेवर पातळ थराच्या रूपात बसविता येतात. सिलिकॉनचे शुद्धीकरण व स्फटिकीकरण यांना हजार अंशांहून अधिक तापमान लागते, हे लक्षात घेतल्यास या पदार्थांविषयीच्या आस्थेचे कारण स्पष्ट होते.

तथापि सिलिकॉनचे मॉड्यूल पंचवीस वर्षे छपरावर टिकते. पेरोव्स्काइट घटाबद्दल अद्याप तसे म्हणता येत नाही. उष्णता, प्रकाश, प्राणवायू आणि बाष्प हे त्याचे चार शत्रू होत. यांपैकी बाष्पाचा प्रश्न मुंबई आणि तिची उपनगरे यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तो समजून घेण्यासाठी प्रथम होल-वाहक थराचे कार्य पाहणे आवश्यक आहे.

२. होल-वाहक थराचे कार्य

प्रकाशकण पेरोव्स्काइट थरात शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन खालच्या संयुजा पट्ट्यातून वरच्या संवहन पट्ट्यात जातो. त्याने सोडलेली रिकामी जागा धन प्रभारासारखी वागते. तिलाच होल म्हणतात. भरलेल्या नाट्यगृहात एक खुर्ची रिकामी झाली आणि शेजारचा प्रेक्षक तीत सरकला, तर रिकामी खुर्ची उलट दिशेला सरकल्यासारखी भासते. होलची गतीही तशीच असते. इलेक्ट्रॉन एका विद्युत्अग्राकडे आणि होल दुसऱ्याकडे गेले तरच बाहेरच्या मंडलात प्रवाह वाहतो. वाटेत दोघे पुन्हा एकत्र आले, तर मिळविलेली ऊर्जा उष्णतेच्या किंवा प्रकाशाच्या रूपाने वाया जाते.

म्हणून पेरोव्स्काइट थराच्या एका बाजूस इलेक्ट्रॉन-वाहक आणि दुसऱ्या बाजूस होल-वाहक थर ठेवला जातो. होल-वाहक थराने होलला सुलभ मार्ग द्यावा आणि इलेक्ट्रॉनांस अडवावे, अशी दुहेरी अपेक्षा असते. मिथिल अमोनियम लेड आयोडाइडचा संयुजा पट्टा निर्वाताच्या पातळीखाली सुमारे ५.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर संवहन पट्टा सुमारे ३.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या अंतरावर असतो. होल-वाहक रेणूची सर्वांत वरची भरलेली कक्षीय पातळी या ५.४ च्या किंचित वर, म्हणजे ५.१ ते ५.३ च्या दरम्यान असली की होल सहज तिकडे उतरतो. ती फार वर असल्यास व्होल्टतेत घट होते. पेरोव्स्काइटच्या पातळीखाली असल्यास होलच्या मार्गात अडसर निर्माण होतो. सर्वांत खालची रिकामी पातळी मात्र ३.९ च्या बरीच वर असावी लागते, जेणेकरून इलेक्ट्रॉन या बाजूने निसटणार नाही.

या थराचे तिसरे कार्यही तितकेच महत्त्वाचे आहे. घटाच्या नेहमीच्या रचनेत होल-वाहक थर पेरोव्स्काइटच्या वर आणि धातूच्या विद्युत्अग्राच्या खाली असतो. अर्थात बाहेरची हवा आणि पेरोव्स्काइट यांच्यामधला तो जवळजवळ शेवटचा पडदा ठरतो.

३. द्रवाकडून घनाकडे

जपानमधील त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये पेरोव्स्काइटचा वापर प्रथम सौरघटात केला, तेव्हा होल वाहून नेण्याचे काम एका द्रव विद्युत्-अपघटनीकडे होते. कार्यक्षमता ३.८ टक्के मिळाली. पण तो द्रव पेरोव्स्काइटलाच विरघळवीत असल्याने घट अल्पायुषी ठरला. दक्षिण कोरियातील नाम-ग्यू पार्क यांच्या गटाने २०११ मध्ये ६.५ टक्क्यांपर्यंत मजल मारली, परंतु द्रव कायम असल्याने अस्थैर्यही कायम राहिले.

खरे वळण २०१२ मध्ये आले. पार्क आणि स्वित्झर्लंडमधील मिखाएल ग्रेट्झेल यांच्या गटांनी द्रवाच्या जागी स्पायरो-ओमेटॅड हा घन सेंद्रिय पदार्थ योजला. कार्यक्षमता ९.७ टक्के झाली आणि घट पाचशे तास टिकल्याचे नोंदविले गेले. त्याच वर्षी ऑक्सफर्डमधील हेन्री स्नेथ यांच्या गटाने त्याच पदार्थाच्या साहाय्याने १०.९ टक्के गाठले. प्रकाश शोषणारा पदार्थ मूलतः तोच होता. पालट मुख्यतः होल-वाहकात झाला होता. पेरोव्स्काइटच्या इतिहासात हा मुद्दा अनेकदा दुर्लक्षित राहतो.

४. स्पायरो-ओमेटॅड : गुण आणि मर्यादा

स्पायरो-ओमेटॅड हा पदार्थ पेरोव्स्काइटसाठी घडविलेला नव्हता. रंगद्रव्य-संवेदित घन सौरघटांत त्याचा वापर १९९८ मध्येच झाला होता. त्याच्या रेणूत फ्लुओरीनचे दोन सपाट भाग एकाच कार्बन अणूवर परस्परांना काटकोनात जोडलेले असतात आणि त्यांच्या चार टोकांना मेथॉक्सी गट असणारे डायफिनिल अमाइन बसविलेले असतात. या काटकोनामुळे रेणू एकमेकांवर नीट रचले जात नाहीत. परिणामी पदार्थ स्फटिकरूप न होता काचेसारखा राहतो आणि त्याचा गुळगुळीत, अखंड थर मिळतो.

पण याच गुणातून दोष उद्भवतो. रेणू परस्परांजवळ येत नसल्याने होलला एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारणे कठीण जाते आणि शुद्ध पदार्थाची विद्युत्-वाहकता अत्यल्प राहते. ती वाढविण्यासाठी त्यात एक लिथियम क्षार मिसळतात, त्याचे विद्रावण नीट व्हावे म्हणून टर्शरी ब्यूटिल पिरिडीन घालतात आणि अनेकदा कोबाल्टचे संयुगही योजतात. हवेतील प्राणवायूने काही रेणूंचे ऑक्सिडीकरण झाले की वाहकता अनेक पटींनी वाढते.

स्थैर्याचा प्रश्न येथेच सुरू होतो. लिथियम क्षार आर्द्रताशोषक आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत होते तसे तो हवेतील बाष्प खेचून घेतो आणि पेरोव्स्काइटच्या दारापर्यंत पोहोचवितो. पिरिडीनचे संयुग बाष्पनशील असल्याने हळूहळू उडून जाते आणि थरात सूक्ष्म छिद्रे मागे राहतात. लिथियमचे लहान आयन घटाच्या इतर थरांत सरकतात. शिवाय सुमारे ७० अंशांच्या वर सोन्याच्या विद्युत्अग्रातील अणू या थरातून झिरपून पेरोव्स्काइटपर्यंत जातात, असे २०१६ मध्ये दाखविण्यात आले. ऊन लागलेले मॉड्यूल सभोवतालच्या हवेपेक्षा पंचवीस-तीस अंशांनी अधिक तापते, हे लक्षात घेता ७० अंश ही मर्यादा आपल्याकडील उन्हाळ्यात फार दूरची नाही.

खर्चाचाही विचार करावा लागतो. या रेणूच्या रूढ संश्लेषणात उणे ७८ अंशांइतके नीच तापमान, हवेशी तीव्र अभिक्रिया करणारी अभिकारके आणि द्रव ब्रोमीन यांची गरज लागते. शेवटचे शुद्धीकरणही खर्चिक असते.

५. रेणूरचनेचे निकष

वरील विवेचनावरून नव्या होल-वाहक रेणूच्या रचनेसाठी पुढील निकष मांडता येतात.

(अ) ऊर्जापातळीचा मेळ. मेथॉक्सीसारखे इलेक्ट्रॉन देणारे गट पातळी वर नेतात, तर इलेक्ट्रॉन ओढणारे गट ती खाली आणतात. गट कोणता, याइतकेच तो वलयावर कोठे आहे, हेही महत्त्वाचे असते. कोरियातील एका गटाने २०१४ मध्ये स्पायरो-ओमेटॅडमधील मेथॉक्सी गटांची केवळ जागा बदलून पाहिली. काही गट ऑर्थो स्थानी नेल्यावर १६.७ टक्के कार्यक्षमता मिळाली आणि ती मेटा व पॅरा रचनांपेक्षा अधिक होती.

(आ) होलची गतिशीलता. मार्कस सिद्धान्तानुसार होलच्या उडीचा वेग दोन गोष्टींवर ठरतो : शेजारच्या रेणूंच्या कक्षकांची परस्परव्याप्ती आणि पुनर्रचना ऊर्जा. होल आल्यावर रेणूला आपला आकार बदलण्यासाठी जी ऊर्जा खर्चावी लागते, ती पुनर्रचना ऊर्जा होय. ताठ व सपाट रेणूंत ती कमी असते. परंतु फार सपाट रेणू स्फटिकरूप होतात व थराला भेगा पडतात. सपाटपणा आणि वळण यांतील समतोल हा या क्षेत्रातील सर्वांत नाजूक निर्णय आहे.

(इ) डोपिंगविना वाहकता. रेणूची स्वतःची गतिशीलता पुरेशी असेल तर आर्द्रताशोषक क्षार मिसळण्याची गरजच उरत नाही.

(ई) आंतरपृष्ठाची दुरुस्ती. पेरोव्स्काइटच्या पृष्ठभागावर शिशाचे काही आयन अपुऱ्या बंधांसह राहतात आणि तेथे इलेक्ट्रॉन व होल पुन्हा एकत्र येतात. रेणूत गंधक, कार्बोनिल किंवा पिरिडीन यांसारखे इलेक्ट्रॉनयुग्म देणारे केंद्र असल्यास ते या आयनांना धरून ठेवते आणि दोष झाकला जातो.

(उ) जलविरोध व उष्णतास्थैर्य. लांब अल्किल साखळ्या किंवा फ्लोरिनयुक्त गट पाण्याला दूर ठेवतात. मात्र साखळ्या फार लांब झाल्यास विद्युत्-वाहकता घटते व पदार्थ कमी तापमानालाच मऊ पडतो.

(ऊ) संश्लेषणाची सुलभता. पायऱ्या कमी आणि अभिकारके सुरक्षित असावीत. झँथीनयुक्त स्पायरो रेणूंचा गाभा साध्या फिनॉलपासून एकाच पात्रात तयार करता येतो. अशा एका रेणूने २०१६ मध्ये १९.८ टक्के कार्यक्षमता दिली.

६. प्रमुख पर्याय

पॉलिट्रायअरिल अमाइन या बहुवारिकाने २०१५ च्या सुमारास वीस टक्क्यांची मर्यादा ओलांडण्यास मदत केली, पण तो महाग आहे आणि त्यालाही बहुधा डोपिंग लागते. पॉलिहेक्सिल थायोफीन हे स्वस्त बहुवारिक दीर्घकाळ निकृष्ट मानले गेले होते. २०१९ मध्ये त्याच्या व पेरोव्स्काइटच्या मध्ये रुंद ऊर्जा-अंतराचा एक अतिपातळ हॅलाइड थर घालताच डोपिंगविना २२.७ टक्के कार्यक्षमता आणि ८५ टक्के आर्द्रतेतही उल्लेखनीय स्थैर्य मिळाले. पदार्थ तोच राहिला. सुधारले ते आंतरपृष्ठ.

असेंद्रिय पर्यायांत निकेल ऑक्साइड व कॉपर थायोसायनेट हे प्रमुख होत. कॉपर थायोसायनेटचा अनुभव बोधप्रद आहे. २०१७ मध्ये त्याच्या घटांनी वीस टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता दिली, पण प्रकाशात ते लवकर बिघडत. दोष पेरोव्स्काइटचा नसून थायोसायनेट आणि सोने यांच्या संपर्कातील अभिक्रियेचा असल्याचे आढळले. मध्ये ग्राफीन ऑक्साइडचा क्षपित थर घातल्यावर ६० अंश तापमानाला, पूर्ण प्रकाशात, हजार तासांनंतरही ९५ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता टिकून राहिली. निकेल ऑक्साइडच्या पृष्ठभागावरील उच्च संयुजेचे निकेल मात्र पेरोव्स्काइटमधील अमाइनशी अभिक्रिया करते, म्हणून त्यावर एखादा संरक्षक थर लागतो.

अलीकडची सर्वांत महत्त्वाची वाट स्वयं-रचित एकरेणवीय थरांची आहे. लिथुएनियातील काउनास आणि जर्मनीतील बर्लिन येथील गटांनी कार्बाझोल व फॉस्फॉनिक आम्ल यांना जोडणारे लहान रेणू विकसित केले. आम्लाचे टोक पारदर्शक ऑक्साइडला घट्ट चिकटते आणि कार्बाझोलचे टोक पेरोव्स्काइटकडे राहते. दोनशे नॅनोमीटरच्या थराचे काम सुमारे एक-दोन नॅनोमीटरचा थर करतो. द्रव्य अत्यल्प लागते आणि डोपिंग अजिबात लागत नाही. या थराच्या साहाय्याने २०२० मध्ये पेरोव्स्काइट-सिलिकॉन जोडघटाने २९.१५ टक्के कार्यक्षमता गाठली.

७. पवई येथील संशोधन आणि उपनगरांचे हवामान

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१० मध्ये केंद्र शासनाच्या साहाय्याने प्रकाशविद्युत् संशोधन व शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. प्रा. दिनेश काबरा यांच्या नेतृत्वाखाली तेथे पेरोव्स्काइट आणि सिलिकॉन यांचे चार-अग्री जोडघट विकसित करण्यात आले असून त्यांची कार्यक्षमता सुमारे ३० टक्के असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. यात वरचा पेरोव्स्काइट घट दृश्य प्रकाश वापरतो व उरलेला तांबडा आणि अवरक्त प्रकाश खालच्या सिलिकॉन घटाकडे जाऊ देतो. दोन्ही घटांची विद्युत्-जोडणी स्वतंत्र असल्याने त्यांचे प्रवाह समान ठेवण्याचे बंधन राहत नाही.

जोडघटात होल-वाहकावर आणखी एक अट येते. वरचा घट पारदर्शक असावा लागतो, परंतु डोपिंग केलेल्या स्पायरो-ओमेटॅडचे ऑक्सिडीकृत रेणू दृश्य प्रकाशाचा काही भाग स्वतःच शोषतात. शिवाय त्यावर पारदर्शक ऑक्साइडचा थर बसविताना वेगवान कणांचा मारा होतो व मऊ सेंद्रिय थराला इजा पोहोचते. अतिपातळ किंवा डोपिंगविरहित होल-वाहकाचे महत्त्व यामुळे अधिकच वाढते.

याच केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या सहकार्याने २०१३ पासून देशभरातील मॉड्यूलांची अनेक सर्वेक्षणे केली. त्यांत उष्ण प्रदेशांतील आणि लहान, छपरांवरील संचांमधील मॉड्यूलांची झीज अधिक असल्याचे दिसून आले. ही मॉड्यूले सिलिकॉनची होती. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंड येथील गृहनिर्माण संस्थांच्या गच्चीवरचे संच नेमके याच वर्गात मोडतात. सांताक्रूझच्या वेधशाळेत जुलै महिन्याची सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि पावसाळा चार महिने चालतो. सिलिकॉनसारख्या टणक पदार्थाची जेथे परीक्षा होते, तेथे पाण्याने विघटन होणाऱ्या पेरोव्स्काइटची परीक्षा कितीतरी कठोर असणार. विघटनातून निर्माण होणारे लेड आयोडाइड काही प्रमाणात पाण्यात विरघळते. त्यामुळे फुटलेल्या मॉड्यूलाचा प्रश्न केवळ वीज कमी मिळण्यापुरता राहत नाही.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार मॉड्यूलाला ८५ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास ठेवून तपासले जाते. यातील आर्द्रतेचा आकडा आपल्याकडे प्रयोगशाळेतील अतिरेक नसून जुलैतील नित्याची स्थिती आहे. याउलट शोधनिबंधांतील बहुतेक विक्रमी आकडे नायट्रोजन भरलेल्या कोरड्या पेटीत घडविलेल्या, चौरस सेंटिमीटराहूनही लहान घटांचे असतात. म्हणून आपल्या प्रदेशासाठी रेणूरचनेचे निकष मांडताना डोपिंगविना वाहकता आणि जलविरोध यांना अग्रक्रम द्यावा आणि कार्यक्षमतेतील शेवटच्या एक-दोन टक्क्यांचा विचार नंतर करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. काचेची व कडांची उत्तम बंदिस्ती आवश्यक आहेच. पण गच्चीवर ती कधी ना कधी सैल होणार, हे गृहीत धरूनच आतला थर निवडला पाहिजे.

८. महाविद्यालयीन प्रयोगशाळांना शक्य असलेले कार्य

उपनगरांतील बहुतेक महाविद्यालयांत संपूर्ण सौरघट तयार करण्याची साधने नाहीत. परंतु होल-वाहक पदार्थाच्या अभ्यासासाठी दरवेळी संपूर्ण घटाची गरज नसते.

पहिले, संगणकीय कार्य. शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य असणाऱ्या पुंज-रसायनाच्या आज्ञावली साध्या संगणकावर चालतात. उदासीन व धनभारित या दोन्ही अवस्थांतील रेणूंचे इष्टतम आकार काढून, प्रत्येक आकारात दोन्ही अवस्थांची ऊर्जा मोजली की चार आकड्यांवरून पुनर्रचना ऊर्जा मिळते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सत्रात हे काम करता येईल.

दुसरे, चक्रीय व्होल्टमिती. ऑक्सिडीकरणाच्या विभवावरून ऊर्जापातळी काढताना फेरोसीनची संदर्भपातळी काही निबंधांत ४.८ तर काहींत ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरलेली आढळते. हा ०.३ चा फरक एखादा रेणू योग्य की अयोग्य हे ठरविण्यास पुरेसा आहे. म्हणून संदर्भपातळीचा स्पष्ट उल्लेख केल्याविना तुलना करू नये.

तिसरे, आर्द्रतेतील स्थैर्य. यासाठी महाग कक्ष लागत नाही. बंद डेसिकेटरमध्ये साध्या मिठाचे संपृक्त द्रावण ठेवल्यास २५ अंशांना सुमारे ७५ टक्के, तर पोटॅशियम क्लोराइडचे ठेवल्यास सुमारे ८४ टक्के सापेक्ष आर्द्रता मिळते. अशा हवेत काचेवरील थर ठेवून दररोज दृश्य-अतिनील वर्णपट घेता येतो. ऑक्सिडीकृत स्पायरो-ओमेटॅडचा शोषणपट्टा सुमारे ५२० नॅनोमीटरला दिसतो. त्याच्या बदलावरून डोपिंगची अवस्था कळते. थरावरील पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन साध्या कॅमेऱ्यानेही मोजता येतो. पेरोव्स्काइटसह प्रयोग करावयाचा असल्यास काळ्या थराचे पिवळ्या लेड आयोडाइडमध्ये होणारे रूपांतर डोळ्यांनाही दिसते. मात्र धूरनिष्कासन कपाट आणि शिसेयुक्त कचऱ्याची स्वतंत्र व्यवस्था असल्याखेरीज तो विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

चौथे, संश्लेषण. कार्बाझोल, ट्रायफिनिल अमाइन व फिनोथायझीन यांवर आधारित लहान रेणू सेंद्रिय रसायनाच्या सर्वसाधारण प्रयोगशाळेत तयार करता येतात. त्यांतील निवडक रेणू घटात तपासण्यासाठी मोठ्या संस्थांशी सहकार्य करता येईल.

९. निष्कर्ष

(१) पेरोव्स्काइट सौरघटाला घनरूप व उपयुक्त बनविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात होल-वाहक थराकडे जाते.

(२) स्पायरो-ओमेटॅडची वाहकता ज्या द्रव्यांनी वाढते, त्यांच्यामुळेच घट बाष्पाला बळी पडतो. म्हणून डोपिंगविरहित रेणू आणि एकरेणवीय थर ही अधिक आश्वासक दिशा आहे.

(३) कॉपर थायोसायनेट व पॉलिहेक्सिल थायोफीन यांच्या अनुभवावरून असे दिसते की, पदार्थ नाकारण्यापूर्वी त्याची दोन्ही आंतरपृष्ठे तपासली पाहिजेत.

(४) दमट किनारपट्टीवर होल-वाहकाची निवड स्थैर्यापासून सुरू व्हावी. तापमान, आर्द्रता व तास यांच्या नोंदीविना दिलेला कार्यक्षमतेचा आकडा आपल्या उपयोगाच्या दृष्टीने अपूर्ण समजावा.

(५) महाविद्यालयांनी विक्रमी घटांच्या स्पर्धेत न उतरता रेणूंची गणना, संश्लेषण आणि पावसाळी हवेतील स्थैर्याची पद्धतशीर नोंद ही कामे हाती घ्यावीत. पावसाळी हवेचा भाग कोरड्या व थंड प्रदेशांतील प्रयोगशाळांना कृत्रिमरीत्या निर्माण करावा लागतो. येथे तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत खिडकीबाहेरच उपलब्ध असतो.